मुलं 'सुधारली' हे मोजायचं कसं? (बाल न्याय, संस्था आणि आकडे)

निमित्तमात्र
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

मी एका छोट्या संस्थेचे हिशेब बघतो. बाल न्याय मंडळासमोर ज्यांच्या केसेस चालू आहेत अशा १५ ते १८ वयाच्या मुलांबरोबर संस्था काम करते. काही जामिनावर सुटलेली, काही परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडलेली. शनिवारचा वर्ग, मोबाईल दुरुस्तीचा कोर्स, घरभेटी, तारखेला सोबत जाणं, वर्षातून एक निवासी शिबिर. पैसे एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून येतात. करार संपत आलाय आणि कंपनीच्या बाईंनी परवाच्या बैठकीत सरळ विचारलं, "तुमचा सक्सेस रेट किती?"

मागच्या अहवालात आमचं एक वाक्य आहे, 'बहुतांश मुले मुख्य प्रवाहात आली'. बाईंनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून लिहिलंय, 'म्हणजे किती? कशावरून?' प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे हजेरीपट आहे, फोटो आहेत, चहा-बिस्किटांची बिलं तर फारच व्यवस्थित आहेत. मुलांचं पुढे काय झालं याची नोंद मात्र ज्याच्या त्याच्या डोक्यात.

संचालक म्हणतात, 'पुन्हा गुन्हा केला नाही' एवढा एकच निकष धरू, सोपं पडेल. मला ते खटकतंय, पण नेमकं का ते सांगता येत नाहीये. इथे या क्षेत्रातलं कुणी आहे का? काय मोजावं, किती काळ, आणि तुलना कुणाशी करावी?

उपटसुंभ
पुन्हा सापडला नाही म्हणजे सुधारला. किंवा पुन्हा सापडला नाही म्हणजे हुशार झाला. (ह.घ्या., म्हणजे हलके घ्या.)

सदाफुली
उपटसुंभ, ह.घ्या. म्हणून सोडून देऊ नका, अर्धा प्रश्न तिथेच आहे. आपण गुन्हा मोजत नसतो, पकडलं जाणं मोजत असतो.

रोखठोक_राजाभाऊ
सक्सेस रेट वगैरे सोडा हो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या पोराच्या पोर्शे गाडीखाली दोन इंजिनिअर गेले आणि मंडळाने काय दिलं? ३०० शब्दांचा निबंध! हे मोजा आधी. १७ वर्षांच्या घोड्याला मूल म्हणायचं, त्याला समुपदेशन द्यायचं, वर त्याचे टक्के काढायचे. दोन रट्टे आणि सहा महिने आत, सगळे सुधारतात.

पॉपकॉर्नवाला
धाग्याचं काश्मीर होणार, न संपणारी भांडणं. जागा पकडून बसलोय.

काळाकोट
राजाभाऊ, निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाच्या अटींपैकी एक अट होती. तीन दिवसांत मंडळानेच आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं आणि पुढे जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं. आदेश पटण्यासारखा होता का, यावर वेगळं भांडू. पण एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२३ च्या आकड्यांत देशभरात अल्पवयीन मुलांवर ३१,३६५ गुन्हे नोंद आहेत आणि ४०,०३६ मुलं ताब्यात घेतली गेली. त्यातली एक केस आपल्याला तोंडपाठ आहे. कार्यक्रम चालतो की नाही हे उरलेल्यांवरून ठरणार ना?

आणि निमित्तमात्र, हेच आकडे अहवालात घालायचे असतील तर जपून. एनसीआरबी 'मुख्य गुन्ह्या'ने मोजते. एका गुन्ह्यात चार कलमं असली तरी सगळ्यात जड कलमाखाली एकच नोंद होते. शिवाय केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे, गुन्हा निर्घृण स्वरूपाचा नसेल आणि मुलासोबत सज्ञान आरोपी नसतील, तर एफआयआर करायचाच नसतो. स्टेशन डायरीत नोंद करून मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल जोडायचा. प्रत्यक्षात एक पोलीस ठाणं हे काटेकोर पाळतं, शेजारचं सरसकट एफआयआर करतं. मग दोन तालुक्यांचे आकडे शेजारी ठेवून तुम्ही नक्की काय वाचणार? पोरं, की ठाणेदार?

मोगरा_मिरची
काळाकोट यांच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून शंभर टक्के अनुमोदन.

मी वस्तीत बालवाडी चालवते. आमच्या गल्लीतला एक पोरगा चौदाव्या वर्षी मोबाईल चोरताना सापडला होता. खरंच चोरला होता, त्याबद्दल वाद नाही. त्यानंतर आसपास कुठेही मोबाईल गेला की पहिली जीप त्याच्या दारात. एकदा तर त्या दिवशी तो आजीबरोबर गावाला होता, तरी आईला बोलावून बसवून ठेवलं. आता तुमच्या तक्त्यात हा 'पुन्हा गुन्हा' की नाही? त्याच्याच वर्गातला दुसरा, सोसायटीत राहणारा, काय काय उद्योग करतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याकडे जीप जात नाही. तो तुमच्या तक्त्यात नाहीच.

म्हणून माझं म्हणणं, उचललं, गुन्हा नोंदला आणि मंडळाने दोषी धरलं या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा.

लीड्सकर
मी आकडेशास्त्राचा माणूस, बाल न्यायाचा नाही. पण आमच्या विभागात या विषयावर काम चालतं, त्यामुळे थोडं ऐकून-वाचून आहे.

इंग्लंड-वेल्समध्ये बरोबर मोगरा_मिरची म्हणतात तसंच करतात. ज्यांना एका ठरलेल्या काळात ताकीद मिळाली, शिक्षा झाली किंवा जी कोठडीतून सुटली अशा मुलांचा एक गट धरायचा. पुढे १२ महिने पाहायचं. त्या १२ महिन्यांत घडलेला गुन्हा सिद्ध व्हायला आणखी ६ महिने द्यायचे. सिद्ध झाला तरच मोजायचा, आणि 'किती मुलांनी केला' व 'करणाऱ्यांनी सरासरी किती वेळा केला' हे दोन आकडे स्वतंत्र द्यायचे.

आता यातली गंमत. तिथे पहिल्यांदाच यंत्रणेत येणाऱ्या मुलांची संख्या २००६-०७ मध्ये वर्षाला लाखाच्या वर होती, आता दहा हजारांच्या आत आहे. कोठडीतली मुलं २००८ च्या सुमारास तीन हजारांच्या आसपास होती, ती पाचशेच्या खाली आली. म्हणजे भलतंच चांगलं झालं की नाही? पण त्याच काळात पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास होतं ते मध्यंतरी ४० च्या वर गेलं! वर्तमानपत्रांनी ओरडा केला. खरं कारण साधं होतं. किरकोळ गुन्ह्यांतली पोरं पोलिसांनी बाहेरच्या बाहेर वळवली, न्यायालयापर्यंत येऊच दिली नाहीत. मागे उरली ती सगळ्यात कठीण. भागाकारातला खालचा आकडा आटला आणि टक्का फुगला.

निमित्तमात्र, उद्या तुमच्या संस्थेने धीर करून जास्त अवघड मुलं घ्यायला सुरुवात केली तर काम चांगलं होऊनही तुमचा 'सक्सेस रेट' पडेल. आणि गोड-गोड, पहिल्यांदाच सापडलेली, आईवडील सोबत येणारी मुलं निवडलीत तर काही न करताही तो चढेल. संचालकांचा एकच निकष तुम्हाला खटकतोय तो बहुधा यामुळे.

रोखठोक_राजाभाऊ
लंडनच्या गोष्टी इथे नकोत.

लीड्सकर
लीड्स. लंडनपासून तीनशे किलोमीटर वर. पण चालू द्या.

गच्चीवरचा_कावळा
मला एक सुचवायचंय. या पोरांना एक दिवस येरवडा दाखवून आणा. आतल्या जन्मठेपवाल्यांशी गाठ घालून द्या. पँट ओली होईल आणि आयुष्यभर नाव घेणार नाहीत. खर्च फक्त बसचा. आणि मोजायलाही सोपं, आधी-नंतर प्रश्नावली भरून घ्यायची.

विदावेडी
कावळेदादा, तुमची कल्पना १९७० च्या दशकातच करून झालीय. न्यू जर्सीच्या रॉवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी पोरांना बोलावून अंगावर ओरडायचे. १९७८ मध्ये त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं, आणि ८०-९० टक्के पोरं सरळ झाली असं जो तो सांगू लागला. राज्याराज्यांतून नकला निघाल्या.

मग जेम्स फिंकेनॉअर या अभ्यासकाने जे कुणीच केलं नव्हतं ते केलं. तुरुंगभेटीला गेलेल्या मुलांबरोबर न गेलेल्या मुलांचाही माग ठेवला. पुढच्या काळात गेलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी नवा गुन्हा केला, न गेलेल्यांपैकी ११ टक्क्यांनी. पुढे अशा नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, निष्कर्ष तोच. काहीच न करण्यापेक्षा हा कार्यक्रम वाईट. प्रश्नावली भरून घेतली असती तर सगळ्यांनी 'खूप घाबरलो, आता नाही करणार' असंच लिहिलं असतं.

तुलनेचा गट नसेल तर कुठलाही कार्यक्रम यशस्वी दाखवता येतो, कारण बहुतेक मुलं विशीत आपोआपच थांबतात. तुम्ही मध्ये काहीही केलं असतं, रोज सकाळी त्यांना रामरक्षा म्हणायला लावली असती, तरी आलेख खालीच गेला असता.

गच्चीवरचा_कावळा
४१ आणि ११?? हे उलटं-सुलटं तर नाही ना लिहिलं?

विदावेडी
नाही. तसंच आहे.

आजोबा_बोरिवली
रामरक्षेने निश्चित फरक पडतो, स्वानुभव आहे. बाकी चालू द्या.

मुंबईचा_उंदीर
अवांतर: आमच्या लहानपणी 'डोंगरीला टाकीन' ही धमकी होती. डोंगरी म्हणजे उमरखाडीचं रिमांड होम, जुन्या तुरुंगाच्या इमारतीतलं. माहीमला डेव्हिड ससून सुधारशाळा. ती शाळा १८५७ पासूनची, म्हणजे मुलांना मोठ्यांच्या तुरुंगातून बाहेर काढायची कल्पना मुंबईत किती जुनी आहे बघा. मग १९२४ चा बॉम्बे चिल्ड्रन ॲक्ट. शंभर वर्षं मुलं आत-बाहेर करतायत आणि त्यांचं पुढे काय झालं हे आज धागा काढून विचारावं लागतंय. कमाल आहे.

पूर्वीचा_पीओ
उंदीरराव, उगाच धाग्याच्या मालकांना टोमणा नको. नोंदी ढिगाने आहेत, मी स्वतः आयुष्यभर भरल्यात. निवृत्त परिवीक्षा अधिकारी आहे. आतली गंमत सांगतो.

मूल मंडळासमोर आलं की पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. नमुना ६. त्यात घर, शाळा, व्यसन, मित्र, गुन्ह्याची कारणं, सगळं आहे. मग नमुना ७, वैयक्तिक काळजी योजना. आरोग्य, शिक्षण, करमणूक, भावनिक गरजा, आणि दर काही काळाने प्रगतीचा आढावा. कागदावर हा जगातला उत्तम विदा-संच (डेटा) आहे. ज्याने बनवला त्याला नमस्कार.

आता भरतात कसा? एका अधिकाऱ्याकडे दोन-दोन तालुके, गाडी नाही, घरभेटीला गेलं तर आई कामावर. मग काय लिहितात? 'वडील व्यसनी, आई मोलमजुरी करते, संगत वाईट, मुलगा मनमिळाऊ.' पुढच्या मुलाला तेच. एकदा मंडळाच्या मॅडमनी भर सुनावणीत विचारलं होतं, "या मुलाचे वडील चार वर्षांपूर्वी वारले असं आई सांगते, मग व्यसन कोण करतंय?" कुणाचा अहवाल होता ते सांगत नाही. माझा नव्हता.

तेव्हा सरकारी कागदावरून संशोधन करायचं तर आधी हे बघा की रकाना भरणाऱ्याने मुलाला पाहिलं होतं का. तुमच्या संस्थेचा कार्यकर्ता घरी जातोच आहे. तो जे बघतो ते त्याच दिवशी लिहायला लावा. दोन ओळी पुरतात, पण त्या त्याच मुलाच्या असल्या पाहिजेत.

काळाकोट
पीओसाहेब, नमस्कार. तुमच्यासारखे असतात तेव्हा आमची अर्धी केस सोपी होते.

कायद्याची एक बाजू अजून कुणी मांडली नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात 'नव्याने सुरुवात' हे तत्त्व आहे. मुलाचा मागचा अभिलेख पुसला जावा, अपवाद सोडून. कलम २४ प्रमाणे दोषी ठरल्याची नोंद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायची, आदर्श नियमांत ही मुदत सात वर्षांपर्यंत आहे. सज्ञान म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्या १६ वरच्यांना हा फायदा नाही. आणि कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करायची नाही. प्रकरण बंद झालं असेल तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही पोलिसांनी ती नोंद सांगायची नाही.

म्हणजे 'हा मुलगा २२ व्या वर्षी पुन्हा सापडला का' हे मोजायला मागची आणि पुढची नोंद जोडावी लागेल, आणि कायदा म्हणतो ती जोडू नका. मला व्यक्तिशः कायदा बरोबर वाटतो. एखाद्या पोराला पोलीस भरतीत त्रास होण्यापेक्षा तुमचा आलेख अपुरा राहिलेला परवडला.

आणखी एक. तुम्ही पोलीस ठाण्यात जाऊन 'आमच्या या मुलांवर पुढे काही गुन्हे आहेत का' म्हणून नावांची यादी टेकवलीत, तर तुम्ही मोजमाप करत नाही, ठाण्याला यादी पुरवताय. कृपा करून हे करू नका. एका संस्थेने केलेलं मी पाहिलंय, अतिशय चांगल्या हेतूने.

सदाफुली
बापरे, हे डोक्यातही आलं नव्हतं. मग करायचं काय?

काळाकोट
मुलाला विचारा. त्याच्या संमतीने, पालकांच्या संमतीने. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, आणि क्रमांक-नावाची वही वेगळ्या कपाटात. आणि एक सापळा: किरकोळ गुन्ह्यात चौकशी चार महिने अधिक वाढीव दोन महिन्यांत संपली नाही तर ती कायद्यानेच बंद होते. तुमच्या तक्त्यात 'केस बंद' असं येईल आणि कुणीतरी ते 'निर्दोष' म्हणून मोजेल. किंवा आणखी वाईट, 'आमच्या कार्यक्रमामुळे केस सुटली' म्हणेल.

एक_वाचक
बंद होण्याचं सोडा, चालू किती आहेत बघा. इंडिया जस्टिस रिपोर्टवाल्यांनी माहिती अधिकारात देशभरातल्या ३६२ मंडळांची माहिती गोळा केली. ऑक्टोबर २०२३ अखेर १,००,९०४ प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रलंबित. साध्या न्यायालयातली केस घरबसल्या नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड या संकेतस्थळावर दिसते, मंडळांसाठी तसं काही नाही. म्हणून अर्ज करकरून आकडे काढावे लागले. जिथे किती मुलं रांगेत आहेत हेच कळत नाही तिथे कोण सुधारलं हे फार पुढचं.

काळाकोट
आणि यावर दर तीन महिन्यांनी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रलंबित प्रकरणांचा आढावा घ्यायचा असं कलम १६ सांगतं. मंडळं, संस्था यांचं स्वतंत्र मूल्यमापन सरकारला करता येईल असं कलम ५५ सांगतं. कायदा लिहिणाऱ्यांनी कसर ठेवलेली नाही.

निमित्तमात्र
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, आभारी आहे. थोडं उत्तर देतो.

आमच्याकडे दोन वर्षांत साधारण ४० मुलं आली. त्यातली बरीच मध्येच गेली. संचालकांचा आग्रह असा की टक्केवारी 'कोर्स पूर्ण केलेल्या' मुलांचीच काढावी, कारण जी आलीच नाहीत त्यांच्यावर आपण काम केलं कुठे?

तुलनेचं म्हणाल तर या वर्षी जागांपेक्षा जास्त मुलं मंडळाकडून आली. काहींना 'पुढच्या बॅचला या' सांगावं लागलं.

आणि मुलं स्वतः सांगतात की आम्हाला फायदा झाला. अभिप्रायाचे फॉर्म आहेत. ते चालतील का?

विदावेडी
अभिप्रायाबद्दल आधी. मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज-सॉमरव्हिल नावाचा एक प्रकल्प होता, १९३९ ते १९४५. ५०६ मुलगे, जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाला सगळं काही मिळालं, घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिर. दुसऱ्याला काही नाही. कुणाला काय हे नाणं उडवून ठरवलं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी ती मुलं, म्हणजे तोवर प्रौढ झालेली माणसं, शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश म्हणाले, फार उपयोग झाला, त्या साहेबांमुळे मी मार्गाला लागलो. आणि नोंदी काय म्हणत होत्या? एकापेक्षा जास्त गुन्हे, दारू, ताणाचे आजार, लवकर मृत्यू, यांत मदत मिळालेल्या गटाचीच अवस्था जास्त वाईट होती. काही मिळालं नाही ते बरे!

कारणांवर अजून वाद आहेत. मॅककॉर्ड यांनी पुढे एक गोष्ट दाखवली. उन्हाळी शिबिराला एकापेक्षा जास्त वेळा गेलेल्या मुलांची अवस्था सगळ्यात वाईट निघाली. अवखळ पोरं आठवडे न् आठवडे एकत्र ठेवली की ती एकमेकांकडून शिकतात.

तुमचं निवासी शिबिर असतं ना? तेवढं एक तपासून बघा.

उपटसुंभ
कॉलेजच्या हॉस्टेलवर चार वर्षं राहिलेला माणूस म्हणून मी मॅककॉर्डबाईंना दुजोरा देतो.

लीड्सकर
आता गळालेल्या मुलांबद्दल. संचालकांना सांगा, हा प्रकार म्हणजे दहावीला बसवलीच नाहीत ती पोरं वगळून शाळेचा निकाल शंभर टक्के लावण्यासारखा आहे. कोर्स पूर्ण करणारी मुलं आधीपासूनच बरी असतात. तुम्हाला मंडळाने जी मुलं पाठवली ती सगळी खालच्या आकड्यात धरा. अगदी पहिल्या दिवशी येऊन गेलेलाही.

आणि ४० मुलांत टक्के काढूच नका. एक मुलगा इकडचा तिकडे झाला की अडीच टक्के हलतात. सरळ '४० पैकी अमुक' लिहा, आणि 'माहिती नाही' असा एक रकाना ठेवा. तो रकाना मोठा निघेल, निघू दे. आपल्याकडे सगळे अहवाल तोच रकाना लपवतात.

'पुढच्या बॅचला या' म्हटलेली मुलं हा तुमचा तुलनेचा गट आहे, फुकटात मिळालेला. त्यांचीही तीच माहिती त्याच वेळी घ्या. फक्त कुणाला आधी घेतलं ते कसं ठरवलं ते सांगा. रडणाऱ्या आईच्या मुलाला आधी घेतलं असेल तर गट सारखे राहिले नाहीत. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर उत्तम.

सदाफुली
चिठ्ठ्या?! मुलाचं आयुष्य चिठ्ठीवर? लीड्सकर, तुम्ही त्या आईसमोर बसून चिठ्ठी काढून दाखवा.

लीड्सकर
जागा कमी आहेत म्हणजे कुणालातरी नाही म्हणायचंच आहे. आज ते कशावर ठरतं? कार्यकर्त्याच्या मनावर, नगरसेवकाच्या फोनवर. चिठ्ठी त्यापेक्षा अन्यायाची कशी?

सदाफुली
ज्याची गरज जास्त त्याला आधी, एवढं साधं आहे. आणि 'काही न मिळालेले बरे' असंही निघू शकतं म्हणून सगळ्यांनाच लटकत ठेवणार का? मला हे पटत नाही. पुढे वाद घालत नाही.

मोगरा_मिरची
माझं मत दोघांच्या मधे कुठेतरी आहे. पण एक विचारते. तुम्ही सगळे 'गुन्हा केला की नाही' याभोवतीच फिरताय. आमच्या वस्तीत पोरगं रुळावर येतंय हे आम्हाला गुन्ह्यावरून कळत नाही, बाकीच्या गोष्टींवरून कळतं. तो मंडळाच्या तारखेला स्वतःहून जातो का. १७ नंबरचा (शाळेबाहेरून परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरून दहावीला बसला का. आधार, जातीचा दाखला, बँकेचं खातं झालं का, कारण ते नाही म्हणून कित्येकांना काम मिळत नाही. पगार हातात येतो का, किती महिने टिकला. रात्री घरी असतो का. 'भाई'च्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो आहे का. हसू नका, आमच्याकडे पोरं एका गटातून दुसऱ्यात गेली की आधी फ्लेक्सवर कळतं.

आणि एक आमच्याकडचा मुलगा काकाकडे सुरतला साडीच्या कारखान्यात गेला. तुमच्याकडे तो 'गळाला'. त्याची आई म्हणते वाचला.

पूर्वीचा_पीओ
ताई, फ्लेक्सचा रकाना नमुना ६ मध्ये घालायला पाहिजे होता.

रोखठोक_राजाभाऊ
एक प्रामाणिक शंका. एवढं सगळं लिहायला संस्थेत माणसं आहेत का? दोन पोरं पगारावर असतील. त्यांनी मुलांबरोबर बसायचं की फॉर्म भरायचे? मी शिक्षेच्या बाजूचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या बँकेत अहवाल भरण्यात कर्जवसुली राहून गेलेली मी पाहिली आहे.

विदावेडी
राजाभाऊ, याबाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. (तारीख लिहून ठेवा कुणीतरी.) पाचच गोष्टी घ्या, पण आल्या दिवशी एकदा, सहा महिन्यांनी एकदा, वर्षाने एकदा. आल्या दिवसाची नोंद नसेल तर पुढचं सगळं वाया. पाच कुठल्या ते मोगरा_मिरची यांच्या यादीतून निवडा, माझ्या डोक्यातून नको.

पॉपकॉर्नवाला
काश्मीर झालं नाही. निराशा झाली.

निमित्तमात्र
संचालक आणि कार्यकर्ते यांच्याबरोबर बसलो. बरीच वादावादी झाली. ठरलं ते असं. टक्केवारी द्यायची नाही, मंडळाने पाठवलेल्या सगळ्या मुलांची संख्या द्यायची, 'माहिती नाही' सकट. तारखेला हजर, शाळा किंवा १७ नंबर, कागदपत्रं, तीन महिने टिकलेलं काम, आणि मुलाने स्वतः सांगितलेलं पोलीस प्रकरण, एवढं पाहायचं. पोलीस ठाण्यात यादी न्यायची नाही, हे लेखी धोरणच केलं. शिबिर यंदा निवासी न ठेवता दिवसभराचं ठेवू, यावर कार्यकर्ते नाराज आहेत, पोरांना तेच सगळ्यात आवडतं. चिठ्ठ्यांवर एकमत नाही, सदाफुली यांच्या बाजूचे जास्त निघाले.

कंपनीच्या बाईंना फोनवर सांगितलं की मागच्या दोन वर्षांचा 'सक्सेस रेट' देता येणार नाही, पुढच्या वर्षीपासून वरची माहिती देऊ. त्या म्हणाल्या, वरिष्ठांना एक आकडा लागतो, बघते काय करता येतं. करार वाढेल की नाही, अजून कळवलेलं नाही.

आता अडचण एकच, गळालेली मुलं शोधायची कशी? अर्ध्यांचे नंबर बंद लागतायत.

पूर्वीचा_पीओ
हे मला विचारा. मुलाचा नंबर धरूच नका, तो दर रिचार्जला बदलतो. आल्या दिवशी तीन नंबर घ्यायचे: आईचा, मावशी किंवा आत्याचा, आणि घराजवळच्या किराणावाल्याचा. किराणावाल्याला सगळं माहीत असतं, पण त्याला फोन केलात तर केसबद्दल अवाक्षर काढायचं नाही, 'कोर्सचं सर्टिफिकेट आलंय' एवढंच म्हणायचं. म्हणून सर्टिफिकेट खरंच छापून ठेवा, हजेरीचं का असेना, खोटं बोलायला नको. फोन रात्री आठनंतर, आई कामावरून आल्यावर. रविवारी सकाळी नको, वडील घरी असतात. ऑफिसच्या लँडलाईनवरून तर अजिबात नको, त्यांना वाटतं कोर्टातून आलाय, उचलत नाहीत. आणि फोन लावायला मुलांना आवडायचा तो कार्यकर्ता बसवा, भले त्याचं अक्षर वाईट असेल.

जुन्या बॅचची यादी क्रमांकाने तयार करा. दोन संध्याकाळी येऊन बसतो मी, कुणाशी कसं बोलायचं ते दाखवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.